निरपराध कोणास म्हणावे? : ॲन्स्कमबाईंचा युद्ध आणि दंडविचार

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील अभ्यासमंडळासाठी एका इंग्रजी पत्रकाचा मराठी गोषवारा करून देण्याचे मी कबूल केले. पत्रक लहानसे, भाषा सरळ, विषय परिचयाचा; दोन रात्रींत काम उरकेल अशी माझी समजूत होती. लेखणी अडली ती एकाच शब्दापाशी : 'इनोसंट'. त्याला 'निरपराध' हा प्रतिशब्द आपण नेहमीच वापरतो. वृत्तपत्रे वापरतात, आपली प्रवचनेही वापरतात. मीही तो लिहून टाकला. पण चार परिच्छेद पुढे गेल्यावर ध्यानात आले, की हा प्रतिशब्द लेखिकेच्या युक्तिवादाला आधार देण्याऐवजी त्याच्या पायात पाय घालतो आहे. गोषवारा अजून अपुराच आहे. त्या निमित्ताने युद्ध आणि दंड या विषयांवरील लेखिकेचे लेखन मात्र पुन्हा सलग वाचून झाले. त्या वाचनाचा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पत्रकाचे नाव 'मिस्टर ट्रूमन्स डिग्री', साल १९५६, लेखिका एलिझाबेथ ॲन्स्कम. बाईंचा जन्म १९१९ सालचा, आयर्लंडमधील लिमरिकचा, शिक्षण ऑक्सफर्डला. विद्यार्थिदशेतच, १९३८ मध्ये, त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. पुढे त्या लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या शिष्या झाल्या. गुरूच्या मृत्यूनंतर १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांचाच. १९७० ते १९८६ या काळात त्या केंब्रिज विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक होत्या, तेही एके काळी गुरूने भूषविलेल्या अध्यासनावर. पती पीटर गीच हेही नामांकित तत्त्वज्ञ. पदरी सात मुले. ५ जानेवारी २००१ रोजी केंब्रिज येथे बाई निवर्तल्या. युद्ध, हत्या आणि राज्यसत्ता यांविषयीचे त्यांचे बहुतेक महत्त्वाचे निबंध 'एथिक्स, रिलिजन अँड पॉलिटिक्स' या नावाने १९८१ साली निघालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाच्या तिसऱ्या खंडात एकत्र मिळतात. शैली कोरडी, वाक्ये आखूड, आणि वाचकाची मनधरणी करण्याचा स्वभाव मुळीच नाही. त्या वाचकाला शहाणा समजतात आणि मग त्याला शहाणपणाने वागण्याची सक्ती करतात. सवय नसेल तर पहिली काही पाने जड जातात.

या खंडातील सर्वांत जुना निबंध १९३९ च्या शरद ऋतूतला आहे. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून थोडेच दिवस लोटले होते. विशीतल्या ॲन्स्कम आणि त्यांचे सहाध्यायी नॉर्मन डॅनिएल यांनी एक पत्रक काढून विचारले, की हे युद्ध न्याय्य आहे काय? हिटलरचा पक्ष अन्यायाचा, याविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांचा प्रश्न निराळा होता. आपल्या सरकारने युद्धाला मर्यादित आणि न्याय्य उद्दिष्ट ठेवले आहे काय? आणि वेळ येताच तेही शत्रूच्या नागरी वस्तीवर तुटून पडणार नाही, याची हमी काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी नकारार्थी दिली. पत्रकावर 'कॅथलिक दृष्टिकोन' असे छापले होते. बर्मिंगहॅमच्या आर्चबिशपांनी हरकत घेतली : धर्माधिकाऱ्यांची छपाईसंमती नसताना हे विशेषण लावण्याचा अधिकार या मुलांना नाही, पत्रक मागे घ्यावे. मुलांनी ते मागे घेतले. तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच, फेब्रुवारी १९४२ मध्ये, शत्रूच्या शहरांतील नागरी वस्ती हेच लक्ष्य धरण्याचा आदेश ब्रिटिश हवाई दलाला मिळाला. मग हँबर्ग झाले, ड्रेस्डेन झाले.

आर्चबिशपांचे चुकले असे मी म्हणत नाही. संमतीचा नियम होता आणि तो त्यांनी पाळायला लावला. पण संमतीनिशी बोलणारे आवाज मग कितीसे होते? अमेरिकेत जॉन फोर्ड या येशूसंघीय धर्मगुरूंनी शहरे बेचिराख करणाऱ्या बाँबहल्ल्यांविरुद्ध १९४४ साली निबंध लिहिला. इंग्लंडात अँग्लिकन बिशप जॉर्ज बेल त्याच वर्षी उमरावांच्या सभागृहात उभे राहिले. ही नावे आज आपण अभिमानाने घेतो, कारण ती फार थोडी आहेत.

आता मूळ पत्रकाकडे वळू. १९५६ च्या वसंतात ऑक्सफर्ड विद्यापीठाने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. अशा प्रस्तावांना एरवी कोणी विरोध करीत नाही. यादी वाचली जाते, माना हलतात, मंडळी चहाला जातात. १ मे रोजी विद्यापीठाच्या सभेत ॲन्स्कमबाई उभ्या राहिल्या आणि हिरोशिमा व नागासाकी येथील संहाराचा हुकूम ज्याने दिला त्याचा सन्मान करू नये असे त्यांनी सांगितले. बायकांचा काहीतरी बेत शिजतो आहे, तो मतांनी हाणून पाडला पाहिजे, असा निरोप एका कॉलेजात फिरला होता, हे बाईच नमूद करतात. पाठीशी उभे राहिले ते तिघे-चौघे. त्यांत पुढे नावारूपाला आलेल्या फिलिपा फुट या एक. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला, जूनमध्ये पदवी दिली गेली. बाईंनी आपले म्हणणे स्वखर्चाने छापून काढले. तेच हे पत्रक.

त्यातील मुख्य विधान कोणत्याही धर्मशिक्षण वर्गातील मुलाला समजेल असे आहे. एखादे साध्य गाठण्याचे साधन म्हणून निरपराध माणसांना मारण्याचे निवडणे म्हणजे खून. साध्य कितीही मोठे असो, मारणारा राष्ट्राध्यक्ष असो वा वाटमारी करणारा असो. ट्रूमन यांच्या बाजूने जे बचाव झाले ते बाई एकेक करून हातात घेतात. ट्रूमन यांनी एकट्याने काही ठरविले नव्हते, हुकमाच्या खाली त्यांची सही होती एवढेच, असा एक बचाव होता. बाईंनी त्याची जी थट्टा केली आहे ती मुळातूनच वाचावी. मला मात्र वाचताना वाटून गेले, की फाशीच्या हुकमाखालीही अखेर एक सहीच असते, आणि पिलाताने तर सहीऐवजी हात धुतले होते.

दुसरा बचाव अधिक भारदस्त : बाँब टाकला नसता तर जपानवर चढाई करावी लागली असती आणि दोन्हीकडचे कित्येक पटींनी अधिक लोक मेले असते. येथे बाई जे करतात ते मला त्यांच्या बुद्धीच्या प्रामाणिकपणाचे गमक वाटते. त्या हा हिशेब नाकारीत नाहीत. त्या परिस्थितीत तसे झालेही असते, असे त्या मान्य करतात आणि मग विचारतात, की ती परिस्थिती आणली कोणी? दोस्त राष्ट्रांनी बिनशर्त शरणागतीचा हट्ट धरला होता. जपानला वाटाघाटीने तह हवा आहे याकडे काणाडोळा केला होता. ज्या युद्धाला 'एवढे मिळाले की पुरे' अशी सीमारेषाच ठेवलेली नाही, त्यात एक वेळ अशी येते की उरलेले सगळे मार्ग भयंकर असतात, आणि मग त्यांतला कमी भयंकर मार्ग निवडणारा स्वतःला दयाळू समजू लागतो. १९३९ च्या पत्रकातील प्रश्न वीस वर्षांच्या मुलीच्या मनात किती खोल उगवला होता, हे येथे कळते. सतरा वर्षांनी त्याच झाडाला हे फळ आले आहे.

आपल्याकडे म्हण आहे, सुक्याबरोबर ओलेही जळते. युद्धाचा विषय निघाला की ही म्हण हमखास ऐकू येते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. शस्त्रांच्या कारखान्यावर बाँब टाकला आणि शेजारच्या चाळीतील माणसे दगावली, तर त्याचा विचार करण्याचे एक जुने तत्त्व ख्रिस्ती नीतिशास्त्रात आहे. एका कृतीचे दोन परिणाम संभवतात. चांगला परिणाम हेतूपूर्वक साधायचा असतो, वाईट परिणाम दिसत असतो पण तो हवा नसतो, आणि दोहोंचे प्रमाण पाहावे लागते. सेमिनरीत आम्ही हे द्विपरिणामाचे तत्त्व चार अटींसह घोकले आणि परीक्षेत उतरवून दाखविले. 'वॉर अँड मर्डर' या १९६१ च्या निबंधात बाई या तत्त्वाची पाठराखण करतात. पण त्याचा जो चोरटा वापर कॅथलिक मंडळींनीच केला त्यावर कोरडा ओढतात. चोरी करायला निघालेल्या मालकासाठी शिडी धरून उभा राहणारा नोकर मनात म्हणतो, माझा हेतू चोरीचा नाही, नोकरी टिकविण्याचा आहे. हेतू म्हणजे कृती करताना मनातल्या मनात म्हटलेला मंत्र नव्हे. मी काय करतो आहे आणि ते कशासाठी करतो आहे, याचे खरे उत्तर म्हणजे हेतू. हिरोशिमात आणि नागासाकीत सुक्याबरोबर ओले जळले नाही. सुके घाबरून शरण यावे म्हणून ओल्यालाच आग लावली. १९४५ साल सरेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे गेली; हा त्या हुकमाचा आनुषंगिक परिणाम नव्हता, तेच त्याचे साधन होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा ठरविला. बाईंच्या पत्रकानंतर नऊ वर्षांनी.

आता त्या अडलेल्या शब्दाकडे येतो. युद्धात 'इनोसंट' कोण, याचा खुलासा बाई शब्दाच्या मुळाकडे जाऊन करतात. लॅटिनमध्ये 'नोचेरे' म्हणजे इजा करणे. जो इजा करीत नाही तो 'इन्नोचेन्स'. या अर्थाने तो शब्द माणसाच्या मनातील पापपुण्याविषयी काहीच सांगत नाही. अठरा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, सक्तीने भरती केलेला, युद्ध कशासाठी चालले आहे याची गंधवार्ता नसलेला, हातात बंदूक घेऊन चालून आला तर त्याला अडवावे लागते आणि प्रसंगी मारावे लागते. देवाच्या दरबारी तो कदाचित स्वच्छ असेल. उलट हिटलरच्या भाषणाला टाळ्या पिटणारा आणि शेजारच्या यहुदी कुटुंबाची चुगली करणारा म्हातारा मनाने पुरता अपराधी आहे. पण म्हणून त्याच्या घरावर बाँब टाकता येत नाही. आणि तोच शेतकऱ्याचा मुलगा जखमी होऊन पडला किंवा त्याने हात वर केले, की त्या क्षणापासून त्याला मारणे हा खून ठरतो. त्याच्या मनात काही पालट झाला म्हणून नव्हे. तो आता इजा करीत नाही म्हणून.

मराठी 'निरपराध' या शब्दाची जातकुळी न्यायालयाची आहे. तो अपराध शोधतो, शिक्षेची भाषा बोलतो. शत्रूला धडा शिकवावा, त्याला चांगली अद्दल घडवावी, असे आपण म्हणतो तेव्हा युद्धाला आपण नकळत शिक्षेचे रूप देतो. आणि एकदा शिक्षाच म्हटली की त्या राष्ट्रातील प्रत्येक जण थोडाथोडा अपराधी निघतो. कोणी कर भरला, कोणी मत दिले, कोणी गप्प बसला. या वाटेने गेले तर शेवटी तान्ही मुले तेवढी निरपराध उरतात, आणि तीही मोठी होणार आहेत असे म्हणणारे भेटतात. बाईंनी युद्धाला शिक्षेपासून वेगळे केले, हे मला त्यांच्या युद्धविचारातील सर्वांत मोलाचे कार्य वाटते. यात त्या परंपरेपासून थोड्या दूर सरकतात, हेही सांगितले पाहिजे. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाच्या अटी सांगताना, ज्यांच्यावर हल्ला करायचा ते काही दोषामुळे त्यास पात्र असावेत, असे म्हटले आहे. तेथे युद्धाला न्यायासनाचा वास आहे. बाई स्वतःला थॉमसच्या शिष्या म्हणवीत असतील, पण येथे त्यांनी गुरूच्या घरातले सामान गाजावाजा न करता हलविले आहे.

तरी न्यायासन त्यांच्या विचारातून गेले नाही. ते दुसऱ्या निबंधात भेटते. जानेवारी १९५८ मध्ये 'फिलॉसॉफी' या नियतकालिकात आलेला 'मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी' हा निबंध नीतिशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. कृतीचे बरेवाईटपण केवळ परिणामांवरून ठरविणाऱ्या विचारपंथाला आज जे इंग्रजी नाव रूढ आहे ते याच निबंधाने दिले. मराठीत आपण त्याला परिणामवाद म्हणू. परिणामवादाची कसोटी म्हणून बाई जे उदाहरण घेतात ते युद्धाचे नाही, शिक्षेचे आहे. एखाद्या निर्दोष माणसाला न्यायालयाकरवी फासावर चढविल्याने मोठे अरिष्ट टळणार असेल तर? हा पर्याय विचारात तरी घ्यावा की नाही, असे ज्याला खरोखर वाटते त्याच्याशी वाद घालण्याचीही बाईंची तयारी नाही. त्याचे मनच किडले आहे, असा त्यांचा निवाडा आहे. तत्त्वज्ञाने वाद घालायलाच नकार द्यावा, हे अनेकांना खटकले. मला ते खटकत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात कयफा हाच हिशेब मांडतो : सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस गेलेला बरा. त्या सभेत कोणी त्याच्याशी आकड्यांवर वाद घातला असता तर त्याने कयफाची अर्धी बाजू आधीच मान्य केली असती.

आणि हा काही फक्त पुस्तकातला दाखला नव्हे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर, सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. ती दंगलीतली हत्या नव्हती. ती शिक्षा होती : राज्यकर्त्या हिदेयोशीचा हुकूम, लेखी निकालपत्र, क्योतोपासून काढलेली धिंड, सगळे रीतसर. स्पॅनिश गलबताच्या प्रकरणावरून हिदेयोशीला परकीय आक्रमणाची भीती वाटली होती, असे इतिहासकार सांगतात. त्याच्या हिशेबी सव्वीस माणसांच्या मरणाने देश वाचत होता. त्या टेकडीच्या उत्तरेला, फार दूर नाही, उराकामी हे उपनगर आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बाँब फुटला तो उराकामीच्या कॅथेड्रलपासून सुमारे ५०० मीटरवर. स्वर्गोन्नयनाचा सण आठवड्यावर आला होता. आत दोन धर्मगुरू पापनिवेदने ऐकत होते. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मरण पावले. शिक्षेच्या नावाने मारलेले आणि युद्धाच्या नावाने मारलेले असे एकाच गावात इतक्या जवळ क्वचितच सापडतील. बाईंच्या विचारातील दोन टोके, न्यायासन आणि रणांगण, वसईच्या वाचकाला नकाशावर बोट ठेवून दाखविता येतात.

यापुढचा प्रश्न बाईंनी विचारलेला नाही. तो आम्हा धर्मगुरूंचा आहे. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी उराकामी कॅथेड्रलच्या भग्नावशेषांत मृतांसाठी मिस्सा झाली. प्रापंचिकांच्या वतीने डॉ. ताकाशी नागाई बोलले. ते क्ष-किरणतज्ज्ञ होते. बाँबने त्यांची पत्नी मिदोरी नेली होती. त्यांनी मृतांना होमबली म्हटले. कोकुरा शहरावर ढग दाटले म्हणून विमान नागासाकीकडे वळले. युद्धाच्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून देवाने उराकामीचे निर्मळ कोकरू निवडले, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. राखेत उभ्या असलेल्या माणसांना त्या शब्दांनी जगण्याचे बळ दिले, हे नाकारण्याची माझी छाती नाही. मीही मयताच्या घरी बोललो आहे. शब्द सापडत नाहीत तेव्हा आपण देवाच्या इच्छेकडे धाव घेतो. पण त्या भाषणावर जपानमध्ये पुढे कठोर टीका झाली : ज्यांनी हुकूम दिला, ज्यांनी युद्ध लांबविले, ते सगळे त्या होमाच्या धुरात दिसेनासे झाले.

ॲन्स्कमबाईंच्या पत्रकाशेजारी हे भाषण ठेवून वाचले म्हणजे दोन्हींचे वजन कळते. गोन्सालो गार्सियांचे मरण आपण रक्तसाक्ष्य म्हणून साजरे करतो. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. पण म्हणून हिदेयोशीचा निकाल बरोबर होता, असे आपण कधी म्हटले नाही. कयफाचे वाक्य शुभवर्तमानकार भविष्यवाणी मानतो, आणि तरीही ते एका खुनाचा सल्लाच राहते. देव माणसाच्या दुष्कृत्यातून तारण घडवितो ही आपली श्रद्धा आहे. ते दुष्कृत्य देवाचे होते ही श्रद्धा नव्हे. बळी गेलेल्याच्या पदरी पडलेली कृपा मारणाऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे २५ फेब्रुवारी १९८१ रोजी हिरोशिमाला गेले तेव्हा युद्ध हे माणसाचे कृत्य आहे असे त्यांनी निक्षून सांगितले, आणि त्या शब्दांनी नागासाकीच्या काही कॅथलिक बाधितांच्या मनावरचे ओझे हलके झाले अशी नोंद आहे. छत्तीस वर्षे वाहिलेले ओझे! ते त्यांच्या खांद्यावर आपल्याच भाषेने ठेवले होते.

फादर जॉर्ज झाबेल्का यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. तिनियन बेटावर, जेथून ती विमाने उडाली, तेथील त्या हवाई तुकडीचे ते कॅथलिक चॅप्लेन होते. जपानी शहरांवर काय चालले आहे ते त्यांच्या कानावर येत होते, आणि त्याविरुद्ध आपण एकही प्रवचन दिले नाही, अशी कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली. उर्वरित आयुष्य त्यांनी शांतिकार्याला वाहिले. १९९२ साली ते वारले. द्विपरिणामाच्या चार अटी त्यांनाही पाठ असणार.

झाबेल्का शेवटी सर्व युद्ध नाकारणाऱ्यांत गेले. ॲन्स्कमबाईंना ते मान्य झाले नसते, आणि येथेच माझा त्यांच्याशी पहिला मतभेद आहे. सर्वस्वी युद्धविरोध ही भूमिका त्या नुसती चुकीची नव्हे, तर घातक मानतात. त्यांचे म्हणणे असे : सगळेच रक्त सांडणे सारखेच पाप, असे एकदा लोकांना शिकविले की इजा करणाऱ्याचे आणि न करणाऱ्याचे रक्त यांतील भेद त्यांच्या मनातून पुसला जातो, आणि युद्ध तर टळत नाही, मग त्यात काहीही चालते असे ते धरून चालतात. हे निरीक्षण तीक्ष्ण आहे आणि बरेचसे खरेही. 'युद्ध म्हटले की एवढे चालायचेच', हे वाक्य मी देवळाच्या पायऱ्यांवर धर्मनिष्ठ माणसांच्या तोंडून ऐकले आहे. पण त्याचा दोष युद्ध नाकारणाऱ्यांवर टाकणे मला न्यायाचे वाटत नाही. हँबर्ग आणि हिरोशिमा त्यांनी जाळले नाही. जाळणारे बहुतेक सगळे न्याय्य युद्धाची शिकवण मिळालेल्या ख्रिस्ती घरांतून आले होते. मर्यादा पाळण्याची शिकवण सोळा शतके देऊनही ऐन वेळी ती पाळली जात नाही, तर शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःकडे पाहावे.

दुसरा मतभेद अधिक खोलवरचा, आणि तो पुन्हा त्या शब्दापाशीच येतो. युद्धात इनोसंट म्हणजे इजा न करणारा. न्यायालयात इनोसंट म्हणजे अपराध न केलेला. बाई एकच शब्द दोन्ही ठिकाणी वापरतात आणि इंग्रजीत तो खपून जातो. मराठीत खपत नाही, आणि त्यामुळे एक फट दिसते. तुरुंगाच्या कोठडीत बसलेला, गुन्हा शाबित झालेला खुनी : तो निरपराध नाही. पण युद्धाच्या परिच्छेदांतील कसोटी लावली तर तो इजाही करीत नाही. शस्त्र खाली ठेवलेल्या शत्रूसारखाच तो आपल्या हाती आहे. शरण आलेल्या सैनिकाला मारणे खून, मग बांधलेल्या गुन्हेगाराला मारणे काय? पत्रकात राज्याच्या बळाचे समर्थन करताना बाई दंगल आणि सशस्त्र गुंड यांचे उदाहरण घेतात, आणि मृत्युदंडाविषयी आपण बोलत नाही असे सांगून पुढे जातात. राज्याच्या त्या अधिकाराला त्यांनी आव्हान दिले नाही. 'ऑन द सोर्स ऑफ द ऑथॉरिटी ऑफ द स्टेट' या निबंधात राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत फरक काय, हा संत ऑगस्टीनपासूनचा प्रश्न त्या फार सुंदर रीतीने हाताळतात. राज्याची सत्ता त्याने पार पाडावयाच्या अत्यावश्यक कार्यातून येते, असे त्यांचे उत्तर आहे. पण त्या कार्याला बांधलेल्या माणसाचा जीव घ्यावा लागतो काय, हे त्या उत्तरातून निघत नाही.

बाईंच्या वतीने असे म्हणता येईल, की शिक्षा मागे पाहते, युद्ध समोर पाहते. शिक्षेचा आधार केलेला अपराध, युद्धाचा आधार होत असलेली इजा. दोन तराजू वेगळे असायलाच हवेत. कबूल. मग शिक्षेचा तराजू तितक्याच काळजीने बांधून दाखवायला हवा होता. थॉमस अक्वायनस यांनी गुन्हेगाराला सडलेल्या अवयवाची उपमा देऊन समाजाच्या आरोग्यासाठी तो कापावा असे म्हटले; पण समाजाच्या हितासाठी माणसाला कापणे म्हणजे परिणामांचाच हिशेब, आणि तो हिशेब बाई अन्यत्र घरात घेत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या जीवनविषयक विश्वपत्रात, समाजाचे रक्षण दुसऱ्या मार्गाने अशक्य असेल तरच मृत्युदंड, असे म्हणून ते दार जवळजवळ लावले. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये धर्मशिकवणीच्या ग्रंथातील परिच्छेद बदलून ते पूर्णच बंद केले. अनेक जुन्या वळणाच्या कॅथलिक विचारवंतांना हा बदल रुचला नाही, आणि त्यांतले काही आपल्या बाजूने ॲन्स्कमबाईंसारख्यांचा करारीपणा पुढे करतात. मला उलट वाटते. बाईंनी रणांगणावर जी रेषा आखली ती सरळ पुढे ओढली तर ती कोठडीच्या दारातूनच आत जाते. ती त्यांनी तेथवर ओढली नाही, एवढेच.

असो. या मतभेदांमुळे पुस्तकाचे मोल कमी होत नाही. नीतिशास्त्रावरील किती पुस्तके वाचकाला भांडायला लावतात? धर्मगुरूंनी, शिक्षकांनी आणि वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांनी निदान पत्रक आणि 'वॉर अँड मर्डर' हे दोन निबंध तरी वाचावेत. 'मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी'ला तत्त्वज्ञानाची थोडी पूर्वतयारी लागते. ती नसल्यास मधली पाने ओलांडून शेवटाकडे जावे.

राहता राहिला गोषवारा. तूर्त मी युद्धाच्या परिच्छेदांत 'निरुपद्रवी' आणि न्यायालयाच्या परिच्छेदांत 'निरपराध' असे दोन शब्द ठेवले होते. अभ्यासमंडळातील एका निवृत्त शिक्षकांनी आक्षेप घेतला, की 'निरुपद्रवी' हा शब्द आपण गांडुळाविषयी वापरतो, माणसाविषयी वापरला तर त्यात कीव येते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांनी 'अनाघाती' असा शब्द सुचविला आहे. तो कानाला अजून बसत नाही. पण पुढच्या बैठकीत तो घालून पहिली चार पाने मोठ्याने वाचून पाहायची, असे ठरले आहे.